आयआरक्यू १६ चा चोर पकडून देणारं पुण्याच्या तपकीर गल्लीतलं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान

चार स्टार. पाचवा का कापला ते शेवटी सांगतो.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, जुन्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवायला एक डेस्कटॉप ठेवलाय, त्यावर डेबियन लिनक्स आणि सिरीयल पोर्टचं पीसीआय कार्ड. दीड महिना रोज तेच, चालू करून तासभर झाला की माऊस गचके खायला लागायचा आणि मशीनला जाणारा प्रोग्रॅम मधेच लटकायचा, जॉब भंगारात. लॉगमध्ये 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड' आणि खाली 'डिसेबलिंग आयआरक्यू' (आयआरक्यू म्हणजे कार्डाने किंवा यूएसबीने प्रोसेसरला 'माझ्याकडे बघ' अशी हाक मारायची लाइन). आधी ज्याला दाखवलं त्याने बघितलं न बघितलं आणि मदरबोर्ड गेलाय म्हणून ९ हजार सांगून मोकळा.

इथल्या काकांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी कीबोर्ड मागितला. प्रोकमधली इंटरप्ट्सची फाईल, म्हणजे कुठली लाइन कोण वापरतंय त्याची यादी, उघडली आणि १६ च्या ओळीवर बोट ठेवलं, यूएसबी आणि आमचं कार्ड दोघं एकाच लाइनवर. म्हणाले शेअर करण्यात काही वावगं नाही, पीसीआयमध्ये चालतं, लाइन वाजली की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो तुझं आहे का रे, सगळे नाही म्हणाले की ती बेवारस धरतो, आणि १ लाखात ९९,९०० च्या वर बेवारस निघाल्या की लाइनच बंद. मग यूएसबीचा काही दोष नसताना तोही लटकतो, कर्नल सेकंदाला १० वेळा डोकावून जातो तेवढ्यावर माऊस कसाबसा सरकतो. गचके त्याचेच!

मी विचारलं, लॉगमध्येच 'आयआरक्यूपोल' लावून बघा असं येतंय, म्हणजे बेवारस हाक आली की सगळ्याच लाइनींवरच्या ड्रायव्हरांना विचारायचं, ते करू का? तर म्हणे, "अहो, एका घरची बेल वाजली म्हणून अख्ख्या वाड्याने दार उघडायचं का?"

मग कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं, ते १८ वर एकटंच आलं. चालू ठेवून आम्ही चहा प्यायला गेलो, आलो तर १८ बंद पडलेली आणि माऊस एकदम मऊ. म्हणजे मदरबोर्ड ठणठणीत, कार्डच काम नसताना लाइन ओढून धरत होतं आणि स्वतःच्या ड्रायव्हरलाही कबूल करत नव्हतं. नवीन कार्ड ८५०, मजुरी ४००. तीन आठवडे झाले, एकदाही अडकलं नाही.

काका जंपरच्या (कार्डावरच्या पिना जोडून आयआरक्यू ठरवायच्या) काळातले आहेत, पीसीआयच्या आधीच्या आयएसए कार्डांच्या वेळी कॉम १ आणि कॉम ३ या दोन्ही सिरीयल पोर्टना आयआरक्यू ४ च असायचा आणि मोडेम लावला की माऊस मरायचा वगैरे किस्से सुरू झाले की अर्धा तास गेला समजा, मला मजा आली, घाई असेल तर डोकं फिरेल.

आता पाचवा स्टार. दुकान दुसऱ्या मजल्यावर, जिना इतका अरुंद की कॅबिनेट छातीशी धरून आडवं चढावं लागतं. पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं, आमच्या सीएला ते कसं चालणार. आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर जाऊच नका, अख्खी गल्ली लायटिंगच्या माळा घेणाऱ्यांनी भरलेली असते, मी गाडी पार नदीपात्रात लावून सीपीयू खांद्यावर घेऊन आलो.