हायड्रॉलिक चुन्याची पिशवी: जुन्या दगडी घराच्या दरजा भरायला कितपत कामाची?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतले जुने बंगले, जालन्यातल्या इंग्रजी अमदानीच्या इमारती, निजामाच्या काळात त्याच धाटणीवर गावात उभी राहिलेली दुमजली दगडी घरं, या सगळ्यांचं दुखणं एकच: दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे. काळा दगड शंभर-सव्वाशे वर्षांनी जसाच्या तसा असतो, मधला चुना मात्र झडतो. मग सिमेंटनं दरजा भरायच्या, वर उठावाची पट्टी ओढायची आणि तिला रंग द्यायचा, हे सर्रास चालतं. त्याला पर्याय म्हणून आता २५ किलोच्या पिशवीत नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, म्हणजे पाण्यानं घट्ट होणारा चुना, मिळतो. तो बहुतेक युरोपातून येतो आणि सिमेंटपेक्षा कितीतरी महाग पडतो. तरीही बाहेरच्या दरजांसाठी तो घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आतल्या भिंतींसाठी मात्र नको.

सिमेंट का नको, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली (१८३७ ते १९०१) विलायतेतली दगडी घरं पुष्कळदा वालुकाश्माची. तिथं सिमेंटच्या दरजांनी केलेलं नुकसान डोळ्यांना दिसतं. दरज कडक आणि बंद, म्हणून ओल दगडातून बाहेर पडते आणि दगडाचा चेहरा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतो. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, इतका घट्ट की त्याला काही होत नाही. त्यामुळे 'आपल्या दगडाला सिमेंट चालतं' हा समज पक्का झाला आहे. तो साफ चुकीचा आहे. बेसाल्टमधून ओल जात नाही, म्हणूनच तिला बाहेर पडायला दरजांखेरीज वाट नसते. ती वाट बुजवली की पावसाचं पाणी सिमेंट आणि दगडामधल्या केसभर फटीतून आत शिरतं आणि आतच मुरतं. भिंतीच्या पोटातली, आतल्या आणि बाहेरच्या दगडी थरांमधली माती भिजून खाली बसते, आतल्या गिलाव्याला क्षारांचा लोणा लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे तुळईचं भिंतीत शिरलेलं सागवानी टोक कुजतं. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते. तुळई भिंतीला जिथे टेकते तिथे खालच्या अंगानं टोचा दाबून पाहा. सुकं सागवान टोच्याला दाद देत नाही. टोक भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दबलं, तर दरजांच्या आधी तुळईला टेकू द्यावा लागेल.

आता पिशवीकडे. खरेदी करताना पिशवीवरची अक्षरं वाचा. 'एनएचएल' (NHL, नैसर्गिक हायड्रॉलिक चुना) म्हणजे मूळ चुनखडीतच सिलिका असलेला, वरून काही न मिसळलेला चुना. 'एचएल' (HL) किंवा 'एफएल' (FL) लिहिलं असेल तर त्यात सिमेंट किंवा इतर पदार्थ असू शकतात; विक्रेत्याकडून घटकांचा कागद घेतल्याशिवाय ती घेऊ नका. पुढचा आकडा ताकदीचा: २, ३.५ आणि ५. दगड कठीण म्हणून ५ घ्यावा, असं दुकानात सांगितलं जातं. ते ऐकू नका. दरज दगडाइतकी नव्हे, भिंतीतल्या जुन्या मालाइतकीच, म्हणजे चुना-वाळूच्या मिश्रणाइतकीच, मजबूत हवी. बाहेरच्या भिंतीला ३.५ पुरतो. ५ फक्त कठड्याच्या माथ्यावर आणि जोत्याच्या खालच्या एक-दोन थरांत, जिथे पाणी सतत उडतं.

एका पिशवीत किती काम होतं? दगड साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचे धरले तर एका चौरस मीटरमध्ये सव्वाआठ मीटरच्या आसपास दरज येते. रुंदी १५ मिलिमीटर, खोली ३० मिलिमीटर धरून माल लागतो पावणेचार लिटर. एक पिशवी म्हणजे अंदाजे ३८ लिटर चुना. त्यात अडीचपट वाळू घातली की शंभरेक लिटर माल होतो. सांडलवंड धरून एका पिशवीत २० चौरस मीटर भिंत. पिशवीची किंमत ऐकून दचकणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा, कारण खरा खर्च मजुरीचा आहे आणि ती सिमेंटलाही द्यावीच लागते.

मालाचं यश निम्मं वाळूवर आहे. गोदावरीची धारदार, बारीक-जाड दाणे मिसळलेली वाळू उत्तम. ती मिळाली नाही तर क्रश सँड चालते, पण धुऊन. तिच्यातली दगडाची भुकटी राहिली की माल जास्त पाणी पितो आणि सुकताना चिरतो. पाणी पिण्यालायक हवं. खारट बोअरचं पाणी वापरलं तर क्षार आपणच भिंतीत भरतो. मूळ माल कसा होता हे पाहायचं असेल तर त्याचा मूठभर तुकडा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. चुना विरघळतो, खाली वाळू उरते. तिचा रंग आणि दाणा बघून नवी वाळू निवडा. जुनी चुनखडी आपल्याच काळ्या रानातली असायची. तिच्यात मातीचा अंश असल्यामुळे भाजल्यावर ती आपोआप थोडी हायड्रॉलिक होई. म्हणजे आज परदेशातून येणारी पिशवी इथल्या भट्ट्यांचंच काम करते. त्या भट्ट्या विझल्या, ही खरी हानी आहे.

दरज उकरताना ग्राइंडर अजिबात नको. दगडाच्या कडेला पडलेला ओरखडा कायमचा राहतो. अरुंद छिन्नी आणि हलका हातोडा घ्या. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, पण २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. जुनं सिमेंट जिथे दगड फोडल्याशिवाय निघत नाही, तिथे ते राहू द्या. मग ब्रशनं धूळ काढून आदल्या संध्याकाळी आणि भरण्याच्या अर्धा तास आधी भिंत भिजवा. चुना आणि वाळू आधी कोरडी कालवा, मग पाणी बेतानं, मिक्सरमध्ये दहा मिनिटं. माल थोडा वेळ ठेवून पुन्हा फिरवा, पाणी न वाढवता. मुठीत दाबल्यावर गोळा राहावा आणि हाताला चिकटू नये, इतकाच ओला. चार तासांत संपवा. खोल दरज एका दमात भरू नका; दोन थर द्या, मोठ्या पोकळीत दगडाच्या चिपा ठोका. दरज दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. अंगठ्याचा ठसा उमटेनासा झाला की दरज ताठ ब्रशनं ठोकून घ्या. थापीनं घोटून गुळगुळीत केली तर वर साय धरते आणि आत माल कच्चा राहतो. हे ठोकण्याचं काम गवंडी हमखास टाळतात, म्हणून त्या वेळी तिथे उभं राहा.

मराठवाड्यात हा माल फसतो तो बहुतेक उन्हामुळे. एप्रिल-मेमध्ये भरलेली दरज संध्याकाळपर्यंत कोरडी ठणठणीत होते आणि महिन्याभरात बोटानं खरवडली की पीठ निघतं. दसऱ्यानंतर ते माघापर्यंतचे दिवस योग्य. तेव्हाही ओलं गोणपाट लावून निदान सात दिवस दिवसातून तीनदा शिंपडा. पिशव्या पावसाळ्यात फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. गॉगल आणि हातमोजे घालायलाच हवेत. चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.

आतल्या गिलाव्याला ही पिशवी घेणं म्हणजे पैशाची नासाडी. तिथे कळीचा चुना खड्ड्यात विरवून, गाळून, महिनाभर मुरवलेला घ्या आणि कमी भाजलेल्या विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घाला. घाईनं वापरला तर कच्चे खडे गिलाव्यात फुलतात आणि भिंतीवर पैशाएवढे टवके उडतात. दुकानातली फक्की, म्हणजे विरवलेल्या चुन्याची पूड, घेणार असाल तर चिमूटभर घेऊन लिंबू पिळा. जोरात फसफसली तर ती हवा खाऊन मेलेली आहे.

दरजा भरल्यानं भिंत भूकंपाला तयार होत नाही, हे विक्रेते सांगत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी परिसरात जाड दगडी भिंती पडल्या, कारण बाहेरचा आणि आतला थर एकमेकांना बांधलेला नव्हता आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, ओझं होतं. आरपार जोडदगड उंचीत ६० सेंटिमीटरला आणि लांबीत फार तर १.२ मीटरला एक हवा. भिंत ठोकल्यावर पोकळ वाजली किंवा फुगलेली दिसली तर आधी संरचना अभियंता बोलवा, पिशवी नंतर.

परवानगीचं थोडक्यात. बीबी का मकबरा किंवा दौलताबाद किल्ल्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रित. दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची मंजुरी लागते. छावणीत कटक मंडळाकडे आणि शहरात घर वारसा यादीत असेल तर महापालिकेकडे अर्ज करा. अर्जासोबत प्रत्येक भिंतीचे फोटो आणि एक चौरस मीटरचा नमुना भरून दाखवा. तो नमुना उत्तरेच्या भिंतीवर नको, पश्चिमेच्या भिंतीवर करा, कारण दुपारचं ऊन तिथेच लागतं.