घरगुती उत्पादनांच्या वाफांचा धोका: घटकांची बेरीज करावी, अख्खं मिश्रण तपासावं की मीटर लावावा?

क्लीनर, एअर फ्रेशनर किंवा जंतुनाशक फवारा श्वासावाटे किती अपाय करेल हे तपासण्याच्या तीन प्रचलित पद्धती आहेत. तिन्हींतून वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळतात, म्हणून आधी प्रश्न ठरवा.

घटकांची बेरीज

खर्च जवळपास नाही, सुरुवात इथूनच करावी. सेफ्टी डेटा शीटच्या (उत्पादकाने दिलेल्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) तिसऱ्या विभागातून घटक आणि त्यांचं प्रमाण घ्या. समजा 10 घनमीटरच्या न्हाणीघरात 20 ग्रॅम क्लीनर वापरला आणि त्यात 2 टक्के सॉल्व्हंट आहे. म्हणजे 400 मिलिग्रॅम. सगळं उडालं तर हवेत घनमीटरला 40 मिलिग्रॅम. दार-खिडकी बंद असताना हवा तासाला खोलीच्या आकारमानाच्या अर्ध्या पटीने बदलत असेल, तर तासाभरानंतरही सुमारे 24 उरतात. एक्झॉस्ट लावून ती तासाला 5 पट बदलली, तर उरतात जेमतेम 0.3. हे गणित खोलीभर हवा सारखी मिसळली असं धरून चालतं. फवारणाऱ्याच्या नाकाशी पहिली काही मिनिटं आकडा बराच जास्त असतो.

मग प्रत्येक घटकाच्या पातळीला त्याच्या श्वसनासाठीच्या सुरक्षित संदर्भ पातळीने भागा आणि भागाकारांची बेरीज करा. हाच धोका निर्देशांक. 0.4, 0.4 आणि 0.5 यांत एकही घटक 1 ओलांडत नाही, पण बेरीज 1.3 होते. मात्र बेरीज एकाच अवयवावर परिणाम करणाऱ्या घटकांची करायची असते; यातला एक 0.4 फक्त यकृतावर परिणाम करणारा असेल, तर श्वसनमार्गाची बेरीज 0.9 वर येते. 1 च्या वर गेलं म्हणजे आजार नक्की, असं नाही. अधिक बारकाईने पाहा, एवढाच त्याचा अर्थ.

चुका ठरलेल्या आहेत. काही मिनिटांच्या उच्चांकाची तुलना आयुष्यभराच्या संपर्कासाठीच्या पातळीशी केली जाते. शीटच्या आठव्या विभागातल्या कामगारांसाठीच्या मर्यादा (बहुधा 8 तासांच्या सरासरीच्या) लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना लावल्या जातात. सर्वांत घातक चूक म्हणजे त्वचेची किंवा पोटातून घेतलेली चाचणी श्वासाला लागू करणं. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायच्या जंतुनाशकातलं पीएचएमजी हे रसायन त्वचेला तुलनेनं सौम्य होतं. धुक्यातून फुप्फुसात गेल्यावर त्याने जीव घेतले, आणि 2011 मध्ये हा संबंध उघड झाला.

अख्ख्या मिश्रणाची चाचणी

लेबलवर नुसतं ‘सुगंध’ लिहिलं असेल तर बेरजेला आकडेच मिळत नाहीत. अशा वेळी उत्पादन चाचणी-कक्षात वापरून हवा टेनॅक्स नळीत (वाफा शोषून धरणाऱ्या पदार्थाच्या नळीत) ओढतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे वाफा वेगवेगळ्या करणाऱ्या तंत्राने, घटक ओळखतात. फॉर्मल्डिहाइड या वायूसाठी त्याच्याशी संयोग पावणाऱ्या डीएनपीएच रसायनाची वेगळी काडतुसं लागतात. टेनॅक्सवर तो धड पकडला जात नाही. कक्षात ओझोन सोडला तर एक जास्तीचा फायदा होतो: लिंबूवर्गीय सुगंधातलं लिमोनिन ओझोनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतं. ते बाटलीत नसतात, म्हणून बेरजेत कधीच दिसत नाहीत.

पण कक्षातून कळतं ते हवेत काय आलं एवढंच. शरीरावरच्या परिणामासाठी श्वसनमार्गाच्या पेशींवर थेट हवेतून मिश्रण सोडून पाहावं लागतं. खर्च मोठा, आणि निकाल त्या पाककृतीपुरता. सुगंध बदलला की ‘मिश्रण पुरेसं सारखंच आहे’ हे पुन्हा सिद्ध करा.

हातातला व्हीओसी मीटर

व्हीओसी म्हणजे हवेत सहज उडणारी सेंद्रिय रसायनं. मीटरवर त्यांचा आकडा लगेच दिसतो, म्हणून मोह पडतो. हा मीटर दिव्याच्या प्रकाशाने रेणूंचं आयनीकरण करून ते मोजतो. 10.6 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दिव्याच्या मीटरला फॉर्मल्डिहाइड दिसतच नाही, कारण त्याची आयनीकरण ऊर्जा सुमारे 10.9 आहे. शिवाय मीटर आयसोब्युटिलीन या एकाच वायूवर जुळवलेला असतो. इतर घटकांच्या बाबतीत आकडा कमी-जास्त येतो. खिडकी उघडल्यावर पातळी किती वेळात उतरते हे पाहायला उत्तम, विषारीपणा ठरवायला निरुपयोगी.

मग निवड?

घटक पूर्ण माहीत असतील तर बेरीज; सुगंध भरपूर असेल किंवा घरात ओझोन सोडणारं यंत्र असेल तर कक्ष-चाचणी. फवाऱ्यासाठी मात्र दोन्हींच्या आधी थेंबांचा आकार विचारा. सुमारे 10 मायक्रोमीटरहून लहान थेंब छातीत खोल उतरतात. दाबाच्या डब्यातून असे थेंब साध्या ट्रिगर बाटलीपेक्षा सहसा जास्त निघतात, आणि न उडणारे क्षार किंवा जंतुनाशकं त्यांच्यावरच बसून जातात. वाफेच्या गणितात ती पकडली जात नाहीत. तेच द्रावण फडक्यावर ओतून पुसलं तर हा भाग जवळपास शून्यावर येतो.