तिखटाच्या चाचणीत वाट्यांचा क्रम: क्रॉसडेस आणि सेन्सोमाइनआर, आठ महिने वापरल्यावर

कोल्हापुरातल्या एका छोट्या कारखान्यात कांदा-लसूण मसाल्याच्या नव्या मिश्रणांची चव तपासून घेणं हे माझं काम. प्रत्येक मसाला मटकीच्या एकाच प्रमाणातल्या कटात शिजवायचा आणि वाट्यांतून चाखायला द्यायचा. अडचण तिखटाची. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे चूळ भरून भागत नाही. दूध दिलं, साधा भात दिला, पाच मिनिटं थांबवलं, तरी जहाल वाटीनंतर आलेली बेताची वाटी मिळमिळीतच लागते. गेल्या वर्षी एक चांगलं मिश्रण याच कारणानं आमच्याकडून बाद झालं. क्रम एक्सेलच्या रँडनं, म्हणजे यादृच्छिक आकडे देणाऱ्या सूत्रानं, लावला होता. नंतर कागद काढून पाहिले, तर ते मिश्रण बहुतेकांना सगळ्यात जहाल नमुन्याच्या पाठोपाठ गेलेलं. ते फार लागलं मनाला, आणि मी आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकायला बसले.

आर फुकट आहे आणि त्यातली क्रॉसडेस आणि सेन्सोमाइनआर ही दोन्ही पॅकेजं, म्हणजे तयार फंक्शनांचे संच, तीही फुकट. क्रॉसडेसमधलं विल्यम्स हे फंक्शन मी सगळ्यात जास्त वापरलं. कल्पना १९४९ सालची, ऑस्ट्रेलियातल्या ई. जे. विल्यम्स यांची, चवीच्या चाचण्यांत ती रुळली ती १९८९ साली मॅकफाय आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या लेखानंतर. क, ख, ग, घ असे चार नमुने घ्या आणि चार ओळी मांडा, एक ओळ म्हणजे एका माणसाचा वाट्यांचा क्रम: कखघग, खगकघ, गघखक, घकगख. प्रत्येक नमुना प्रत्येक जागी एकदा येतो, आणि प्रत्येक नमुना दुसऱ्या प्रत्येकाच्या लगेच मागे एकदाच येतो. कागदावर मांडून बघा, खरंच समाधान वाटतं. आधीच्या वाटीचा जाळ यानं नाहीसा होत नाही, पण तो सगळ्या नमुन्यांच्या वाट्याला सारखा येतो. मला हवं होतं ते एवढंच. नमुने सम असतील तर जितके नमुने तितक्या ओळी पुरतात, विषम असतील तर दुप्पट लागतात. म्हणून पाच मिश्रणं असली की मी सहावं घालते, बहुतेकदा आमचा नेहमीचा मसाला. दहाऐवजी सहाच ओळींत काम होतं आणि तुलनेलाही आधार मिळतो.

पण सहा तिखट वाट्या एका बसणीत कोणाला द्यायच्या नाहीत, हे मी दुसऱ्याच महिन्यात ठरवलं. चौथीनंतर माणसं नुसता आकडा लिहून मोकळी होतात. मग प्रत्येकाला तीनच. सहा नमुन्यांचे तीन-तीनचे दहा गट केले की प्रत्येक नमुना पाच गटांत येतो आणि कुठलीही जोडी दोनदा एकत्र येते. असे गट क्रॉसडेसमधलंच फाइंड-बिब हे फंक्शन शोधून देतं. इथे सावध राहा: ते शोध घेतं, हमी देत नाही. आलेली मांडणी इज-जीवायडीमधून, म्हणजे ती समतोल आहे का हे सांगणाऱ्या फंक्शनमधून, तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. जमली नसेल तर पुन्हा चालवा. मग विल्यम्स-बिब प्रत्येक गटाचे सहा क्रम लावून देतं, म्हणजे साठ ओळी, साठ माणसं.

साठ माणसं दर वेळी कुठून आणायची? तिथे सेन्सोमाइनआर उपयोगी पडलं. त्यातलं ऑप्टिमलडिझाइन माणसं, नमुने आणि प्रत्येकी किती वाट्या एवढं विचारतं आणि त्या आकड्यांत बसेल तितकी समतोल मांडणी देतं. सोबत दोन तक्ते येतात: कोणता नमुना कितव्या जागी किती वेळा आला, आणि कोणता नमुना कोणत्या नमुन्याच्या मागे किती वेळा आला. तिखटासाठी मला दुसरा तक्ता पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पॅकेज फ्रेंच लोकांचं असल्यानं सीडसाठी, म्हणजे यादृच्छिक निवड ज्या आकड्यापासून सुरू होते त्यासाठी, तिथे ‘ग्रेन’ असा शब्द आहे, म्हणजे आपलं बी. ते बी स्वतः द्या आणि वहीत नोंदवा. नाही दिलं तर ते संगणकाच्या घड्याळावरून घेतलं जातं आणि तीच मांडणी पुन्हा काढता येत नाही.

न आलेल्या माणसांवर मात्र या दोन्हींपैकी कुठल्याच पॅकेजकडे उपाय नाही. आधी मी नावानिशी ओळी वाटायचे. पावसात चार जण आले नाहीत आणि मधल्याच ओळी गळाल्या. आता माणसं येतील तशी पुढची ओळ देते. पहिले सहा-सहाचे संच पूर्ण होतात आणि मोडला तर शेवटचाच मोडतो.

वाट्यांवरचे तीन आकडी सांकेतिक क्रमांक आणि वाढणाऱ्या मावशींसाठीचा तक्ता हे सगळं स्वतः करावं लागतं. मावशींना १ ते ६ दाखवून चालत नाही, कारण एक नंबर म्हणजे चांगला असं चाखणाऱ्यांपर्यंत पोचतंच. सुरुवातीला आठवडाभर इंग्रजी मदतपानांशी झगडावं लागलं, तेही धरून चाला. पैसे मोजून तयार प्रणाली घेणं ज्यांना परवडतं त्यांचा हा वेळ वाचेल. आमच्यासारख्या दहा-बारा माणसांच्या कारखान्याला मी ही फुकटची पॅकेजंच सुचवेन.

पुढच्या खेपेला आठ मिश्रणं आहेत. चार-चारचे चौदा गट, प्रत्येकाचे चार क्रम, म्हणजे छप्पन माणसं. त्यांची यादी करायला घेतली आहे.