लालबाग-परळचे चार रविवार : ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी

बरेच दिवस लिहायचं राहून जात होतं. परळमधल्या दोन ताई गिरणगाव, म्हणजे लालबाग-परळचा जुना कापडगिरण्यांचा भाग, आणि आपल्या घरच्यांची मुळं यावर चार रविवारांचं वर्कशॉप घेतात, थोडं चालणं, थोड्या घरातल्या गोष्टी, थोडी अंगाची हालचाल. जाहिरात करत नाहीत, पंधराच जणांना घेतात, म्हणून नाव इथे टाकत नाही, हवं असेल तर मेसेज करा. फी 2500.

मी का गेले ते सांगते. मार्चमध्ये बंगळुरूची ऑफर आली, काम आवडीचं, पगार चांगला, आणि तरी महिनाभर मला हो म्हणवेना की नाही म्हणवेना. मनात एकच, की आम्ही लालबागची माणसं, आता डोंबिवलीत राहत असलो तरी मूळ तिथलंच, ते सोडून जायचं कसं. मैत्रीण म्हणाली तू आधी हे करून बघ.

पहिला रविवार भाऊच्या धक्क्यावर, सकाळी साडेसहाला, मासे उतरवायची गडबड चालू होती. मला वाटलेलं गिरणीपासून सुरुवात करतील. तर ताई म्हणाल्या, गिरणीत शिरायच्या आधी कोकणातला माणूस इथे बोटीतून उतरला ना, मग तिथूनच सुरू करूया. रामदास बोट याच धक्क्यावरून रेवसला निघाली होती, 17 जुलै 1947, गटारीचा दिवस, सहाशेच्या वर माणसं बुडाली. हे सांगून झाल्यावर त्यांनी आम्हाला समुद्राकडे तोंड करून नुसतं उभं केलं, पाच मिनिटं, फोन नाही बोलणं नाही. मग घरचा अभ्यास : घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारायचं, मुंबईत आपल्यातलं पहिलं कोण आलं आणि पहिल्या रात्री झोपलं कुठे.

हा झोपायचा प्रश्न म्हणजे अक्षरशः सोनं आहे. एरवी आजीला जुनं काही विचारलं की "काय सांगायचं त्यात" म्हणते. या प्रश्नावर दीड तास बोलली. पणजोबा संगमेश्वरकडून आले आणि गावकीच्या खोलीत झोपले, म्हणजे गावच्या मंडळाची एकच खोली, भिंतीला लागून सगळ्यांच्या ट्रंका, आणि झोपायच्यासुद्धा पाळ्या. रातपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या जागेवर आडवा. आजीने पुढे अशाच माणसांची खानावळ चालवली, सतरा डबे, हे मला माहीतच नव्हतं.

दुसरा रविवार गिरणगावात पायी. भारतमाता टॉकीज, गणेशगल्ली, चिवडा गल्ली, मग डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी, म्हणजे ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या, जिथली एक खोली 160 चौरस फुटांची. खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी 1975 ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेही इथेच कळलं, आणि मला सारखे आजीचे सतरा डबे दिसत राहिले. पण या दिवसाची व्यवस्था कमी पडली हे सांगायलाच पाहिजे. साडेतीन तास चालणं, माईक नाही, ट्रॅफिकमध्ये मागच्यांना निम्मं ऐकू येत नव्हतं, मध्ये बाथरूमची सोय नाही, आणि आमच्यात एक साठीच्या काकू होत्या त्यांचे फार हाल झाले. ताईंना सांगितलंय, पुढच्या वेळी मध्ये थांबा ठेवणार म्हणाल्या.

तिसऱ्या रविवारासाठी घरच्यांच्या कामाची एक हालचाल शिकून आणायची होती. आजोबा साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे, ते गेले तेव्हा मी लहान होते, म्हणून पप्पांना विचारलं. पप्पा गिरणी कामगारांच्या संपाबद्दल घरात कधी बोललेले नाहीत. ते उठले, आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला, तोडला, दोन टोकं अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरली, एक फास, जराशी थुंकी, ओढली, झालं. गाठ इतकी बारीक की नख फिरवलं तरी लागत नव्हती. म्हटलं तुम्हाला हे कसं येतं, तुम्ही तर गिरणीत कधी गेलाच नाहीत. तर म्हणाले, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा मी तेरा वर्षांचा, बाबा घरी बसून, हात स्वस्थ बसायचे नाहीत, दिवसभर दोरा तोडायचे आणि जोडायचे, तेव्हा शिकलो. मग स्वतःच सांगत गेले. संप मागे घेतलाच गेला नाही, अडीच लाख माणसं होती, आमचे आजोबा वाट बघून बघून गावाला गेले, दोन वर्षांनी भिवंडीला पॉवरलूमवर लागले, तिथून पुढे डोंबिवली. पप्पा हे सगळं दोऱ्याकडे बघत बोलत होते.

तिसऱ्या रविवारी हॉलमध्ये मी ती गाठ दाखवली तेव्हा माझेच हात थरथरत होते. कोणी भाकरी थापायची हालचाल आणली होती, कोणी जातं ओढायची, एका कोळी मुलाने जाळं फेकायची. मग पंधरा जणांनी पंधराही हालचाली केल्या, आधी सावकाश मग ढोलकीवर, आणि शेवटी जाखडीचा फेर धरला. कानात बाळ्या घालणारे कोकणातले गडी नाचायचे म्हणून बाल्या नाच म्हणतात तोच. पाय आपोआप पडत होते. आणि त्या फेरातच मला लख्ख जाणवलं की संगमेश्वर, लालबाग, परत गाव, भिवंडी, डोंबिवली, आमच्या घरात प्रत्येक पिढीला बोचकं उचलावं लागलंय, एका जागी कोणी राहिलेलंच नाही. मी जे सोडून जायला घाबरत होते ती जागा नव्हतीच, ती आजीची गोष्ट होती आणि पप्पांच्या हातातली गाठ होती आणि ती दोन्ही माझ्याकडे आली होती. सोमवारी बंगळुरूला हो कळवलं.

चौथा रविवार कागदावर स्वतःचा नकाशा काढायचा, तो मला घाईत उरकल्यासारखा वाटला, त्यापेक्षा अजून एकदा फेर धरला असता तर आवडलं असतं. तरी पैसे पूर्ण वसूल, माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

पुढची बॅच गणपतीनंतर आहे. बूट घालून जा, पाणी न्या, आणि घरच्या मोठ्यांना भेटायला आठवड्यात एक संध्याकाळ मोकळी ठेवा, फोनवर ते बोलत नाहीत. आमच्यात दोघांच्या घरी विचारायला कोणीच उरलं नव्हतं, त्यांना ताईंनी चाळीतल्या एका निवृत्त कामगार आजोबांसोबत बसवलं. त्यातला एक अजूनही दर रविवारी त्यांच्याकडे जातो.