मशीन आलंच नाही, तरी ‘डिलिव्हर्ड’! माझे २२,१०० रुपये असे गेले

रक्कम आधीच सांगून टाकते, लपवून आता काही उपयोग नाही. ॲपवर भरलेले १९,७५० आणि विक्रेत्याला थेट पाठवलेले २,३५०. एकूण २२,१०० रुपये. त्यातले दहा हजार बचत गटातून उचललेले, दरमहा शेकडा दोनने. ज्या शिलाईच्या मशीनसाठी हे भरले ते आजतागायत घरात आलेलं नाही, आणि ॲपवर मात्र हिरव्या अक्षरात ‘डिलिव्हर्ड’ लिहिलंय. महिनाभर मी घरच्यांशिवाय कोणाला हे सांगितलं नाही. गटाच्या बैठकीत ‘मशीन बघायला कधी येऊ गं?’ असं कोणी विचारलं की विषय बदलायचे. आज लिहितेय, कारण माझ्यासारख्या घरून शिलाई करणाऱ्या कितीतरी जणी अशीच जुनी मशीनं ॲपवर शोधत असतात.

मी चौदा वर्षं शिवतेय. ऑनलाइन खरेदीही नवी नाही. सुती धाग्याचे कोन (मोठी रिळं), कात्री, बॉबिन, सगळं ॲपवरूनच मागवते आणि आजवर एकही पार्सल चुकलं नव्हतं. त्यामुळे ‘शिकलेली बाई असून कशी फसली’ असं ज्यांना वाटतंय त्यांनी पुढचं नीट वाचावं.

जूनमध्ये शाळा सुरू होतात, गणवेशाचं काम मे महिन्यातच हातात येतं. यंदा १४० जोड होते. माझ्याकडचं ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड धाग्याने बांधून घेणारं मशीन, तीन धाग्यांचं. पाच धाग्यांचं असलं की जोडशिलाई आणि कड एकाच फेरीत होते, निम्मा वेळ वाचतो. नवं घ्यायची ऐपत नव्हती. ॲपवर ‘रिफर्बिश्ड (जुनं, दुरुस्त केलेलं), पाच धाग्यांचं, टेबल आणि मोटारीसकट’ असं १९,७५० ला दिसलं. विक्रेत्याचं रेटिंग ४.३, तेही दोनशेहून जास्त लोकांनी दिलेलं. मी तारे पाहिले, खालचे रिव्ह्यू वाचले नाहीत. सगळं घडून गेल्यावर वाचले तेव्हा कळलं की ते सगळे मोबाइलच्या कव्हरांचे आणि चार्जिंग केबलचे होते. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तू विकून तारे जमवायचे आणि मग त्याच खात्यावर महागडं काहीतरी टाकायचं, अशी ही पद्धत. रिव्ह्यू उघडा आणि लोकांनी नेमकं काय विकत घेतलंय ते वाचा.

आणि फोटो! ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही. फोटोतल्या मशीनच्या स्टँडवर कोन तीनच होते. सुई एकच होती. पाच धाग्यांच्या मशीनला दोन सुया असतात आणि वर पाच कोन लागतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी ते पाहिलं होतं. पाहून स्वतःचीच समजूत घातली की फोटो दुसऱ्या मॉडेलचा टाकला असेल, लोक टाकतात. स्वस्त मिळतंय म्हटल्यावर डोळ्यांना जे दिसत होतं ते मनाने खोडून टाकलं. विकणाऱ्याला वस्तूची माहिती नसेल तर ती वस्तू त्याच्याकडे नसते, एवढं साधं तेव्हा सुचलं नाही. त्याच्याकडून आज काढलेला फोटो मागायला हवा होता, कागदावर तारीख लिहून मशीनशेजारी ठेवलेला. तुम्ही मागा.

१४ मे रोजी ऑर्डर केली. एवढ्या रकमेला कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती, म्हणून यूपीआयने पूर्ण पैसे भरले. २२ मेपर्यंत येणार होतं. २४ तारखेला विक्रेत्याचा फोन आला. बोलणं इतकं अदबीचं की विचारू नका. ‘मॅडम, हेड भारी है, कुरिअरवाला नहीं ले रहा, ट्रान्सपोर्ट से भेजना पड़ेगा.’ भाड्याचे २,३५० वेगळे, बिल्टी (माल गाडीत चढवल्याची ट्रान्सपोर्टची पावती) व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला. मला ते पटलं, कारण ओव्हरलॉकचं नुसतं हेडच, म्हणजे टेबलावरचं मुख्य यंत्र, पंचवीस-तीस किलोच्या घरात जातं आणि वर टेबल. मी २,३५० त्याच्या नंबरवर टाकले. बिल्टीचा फोटोही आला. त्यावर ट्रान्सपोर्टचा शिक्का होता, पण गाडी नंबर नव्हता. ॲपच्या बाहेर एक रुपयाही पाठवायचा नाही, हे मी स्वतः माझ्या जावेला दहा वेळा सांगितलेलं आहे.

२७ मे, दुपारचे साडेतीन. माझ्या मांडीवर अर्धा उसवलेला सदरा, पोराचा अभ्यास चाललेला. फोन वाजला. ‘मॅडम, माल आपके यहाँ के डेपो में आ गया है. टेम्पो में लोड करना है, उसके लिए एक कोड आया होगा, वो बता दीजिए.’ मेसेज खरंच आला होता. मी चष्मा न लावता आकडे वाचले आणि सांगितले. सहा आकडे. दहा सेकंदही लागली नसतील.

त्या मेसेजमध्ये आकड्यांच्या खालीच लिहिलेलं होतं की पार्सल हातात मिळाल्यावरच हा कोड द्या. बँकेचा ओटीपी कोणाला देऊ नये हे मला पाठ आहे. पण हा बँकेचा नव्हता, पैसे आधीच भरून झालेले होते, यातून आणखी काय जाणार असं वाटलं. मुद्दा तिथेच होता. डिलिव्हरीचा ओटीपी म्हणजे ‘मला माल मिळाला’ अशी तुमची सही. तो पैशाच्या ओटीपीइतकाच सांभाळायचा. पार्सल दारात, तुमच्या हातात, शक्य असेल तर उघडून पाहिलेलं, आणि मगच आकडे. फोनवर कोणालाही नाही, मग तो विक्रेता असो, डेपोवाला असो की डिलिव्हरी बॉय.

पाच मिनिटांत ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ झळकलं. मी लगेच त्याला फोन केला. तो म्हणाला, सिस्टीममध्ये डेपोची एंट्री तशीच दिसते, टेम्पो उद्या येईल. उद्या आला नाही. मग ड्रायव्हर आजारी. मग गाडी बिघडली. मधे एकदा मी तक्रार करते म्हटलं तर म्हणाला, ‘कम्प्लेंट मत डालिए मॅडम, सिस्टीम पार्सल वापस बुला लेता है, फिर पंद्रह दिन और.’ गणवेशाची तारीख डोक्यावर होती. पंधरा दिवसांचं नाव ऐकून मी गप्प बसले. दर दिवशी संध्याकाळी ‘कल पक्का’ ऐकत गेले. ५ जूनला त्याचा फोन बंद झाला.

आता हे वाचा, कारण मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर १९,७५० वाचले असते. तुम्ही ॲपवर भरलेले पैसे त्याच दिवशी विक्रेत्याच्या खिशात जात नाहीत. ते ॲपवाल्यांकडे थांबतात आणि साधारणपणे डिलिव्हरी झाल्यावर काही दिवसांनी विक्रेत्याला मिळतात. या ॲपवर ‘मिळालं नाही’ अशी तक्रार करायची मुदत डिलिव्हरीपासून सात दिवस होती. म्हणजे २७ मे ते ३ जून माझे पैसे अडवता येण्यासारखे होते. त्या आठ दिवसांचं गोड बोलणं, टेम्पो, आजारी ड्रायव्हर, सगळं फक्त ती मुदत संपवण्यासाठी होतं. मी रोज संध्याकाळी त्याचा फोन घेऊन त्यालाच मदत करत होते. खोटं ‘डिलिव्हर्ड’ दिसलं की त्याच मिनिटाला ॲपमध्ये तक्रार टाका. विक्रेता रडो, विनवो, धमकावो. माल खरंच वाटेत असेल तर तुमच्या तक्रारीने तो थांबत नाही.

६ जूनपासून माझी वणवण सुरू झाली.

ॲपच्या चॅटवर आधी यंत्रच बोलतं. माणूस मिळेपर्यंत चाळीस मिनिटं. माणसाने सांगितलं, ओटीपी व्हेरिफाइड आहे, काही करता येणार नाही. तक्रारीचं तिकीट पाच दिवसांत तीन वेळा ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणून बंद केलं. काय रिझॉल्व्ह केलं? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावं लागतं. इथे तर ग्राहकाला न विचारता ते स्वतःच तक्रार बंद करतात! चॅटमध्ये वेळ घालवू नका. त्या अधिकाऱ्याचा ईमेल ॲपच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो, थेट तिथे लिहा. त्याच नियमांनुसार तुम्ही लेखी मागितलंत तर विक्रेत्याचा पत्ता त्यांना द्यावा लागतो. मी मागितला. उत्तर नाही.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथली मुलगी नीट बोलली, तक्रार नोंदवून घेतली, कंपनीकडे पाठवली. कंपनीने पुन्हा तेच ‘ओटीपी व्हेरिफाइड’ कळवलं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, मध्यस्थी करते. पण त्यांनी विचारल्यावर निदान विक्रेत्याचा पत्ता आणि कुरिअरची नोंद हातात आली. त्या नोंदीत पार्सलचं वजन लिहिलंय ४०० ग्रॅम. चारशे ग्रॅमचं ओव्हरलॉक! कंपनीच्या स्वतःच्या कागदावर हे असताना त्यांना माझं म्हणणं खोटं वाटत होतं. तुमच्या बाबतीत असं झालं तर पहिल्या दिवशी वजन मागा. बिलावरचा जीएसटी क्रमांकही जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. माझ्या बिलावर पत्ता एका राज्यातला आणि क्रमांक दुसऱ्याच राज्याचा. पोर्टलवर नावही भलत्याचंच निघालं.

बँकेत गेले. काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, ‘पिन तुम्हीच टाकलाय ना?’ अनधिकृत व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचं जे संरक्षण आहे ते इथे लागू होत नाही म्हणे, कारण व्यवहार मी स्वतः केला. कार्डाने पैसे भरले असते तर ‘माल मिळाला नाही’ म्हणून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता. मोठी वस्तू घेताना हे लक्षात ठेवा.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावला तेव्हा १३ दिवस उलटून गेले होते. २,३५० चा बारा अंकी व्यवहार क्रमांक दिला. पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेलेले. हा नंबर लगेच, शक्यतो पहिल्या तासातच लावायचा.

आणि पोलीस. आमच्या ठाण्यात सांगितलं, ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरला दोन बस बदलून गेले, दीड तास बाकावर बसले. तिथे सांगितलं, रक्कम छोटी आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. परत आले तर अंमलदार म्हणाले, ‘बाई, ओटीपी तुम्ही दिला. बावीस हजारांसाठी परराज्यात कोण जाणार?’ मी तिथे उभी होते. माझ्यामागे रांगेत माझ्या गिऱ्हाईक असलेल्या एक बाई होत्या. त्यांच्यासमोर मला हे ऐकावं लागलं. बावीस हजार म्हणजे माझी तीन महिन्यांची शिलाई आहे. मोठ्या रकमेची चोरी तेवढी चोरी, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, त्यात रकमेची किमान मर्यादा नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी हे म्हटलं तर ‘तुम्ही वकील आहात का?’ चौथ्या खेपेला अर्ज घेतला, तोही एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद म्हणून. पोचेवर शिक्का हवा म्हणून मी अर्धा तास हलले नाही. शेवटी त्याच कलमाप्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. त्याचं उत्तर अजून नाही. तोंडी काहीही सांगून परत येऊ नका, अर्ज दोन प्रतींत न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे, ऑनलाइन, ई-जागृतीवर. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. विक्रेत्याबरोबर ॲप कंपनीलाही पक्षकार केलंय. स्क्रीनशॉट, कॉलची यादी, ४०० ग्रॅमची नोंद, सगळं जोडलंय. चॅट पुसू नका, राग आला तरी. मी त्या माणसाला शिव्या घालून ब्लॉक करणार होते, माझ्या यांनी फोन हातातून काढून घेतला म्हणून सगळं शिल्लक राहिलं.

१४० पैकी ९० जोड जुन्या मशीनवर रात्री जागून दिले. उरलेले ५० शाळेने दुसरीकडे दिले. गटातही सांगून झालं. दोघी टाकून बोलल्या, बाकीच्यांनी पाठीवर हात ठेवला.

गेल्या आठवड्यात सहज ॲपवर शोधलं. विक्रेत्याचं नाव नवीन, किंमत २०,४००, फोटो तोच. स्टँडवर तीन कोन, एक सुई, आणि खाली ‘पाच धाग्यांचं’. मी त्या लिस्टिंगची तक्रार केली, सोबत माझा ऑर्डर नंबर आणि आयोगातला तक्रार क्रमांकही दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं की तपासणीत नियमांचं उल्लंघन आढळलेलं नाही. तो मेसेज मी छापून घेतलाय आणि फाइलला जोडलाय.