घरचा डबा की शाळेतली पंगत? मुलांच्या वजनाची काळजी असणाऱ्यांसाठी

मुलांचे वजन बेताबाहेर जाऊ नये म्हणून दुपारचे जेवण घरून पाठवावे, की जेवण देणारी शाळाच निवडावी, असा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत बऱ्याच पालकांना पडतो. आमच्या घरी दोन्ही प्रकार झाले आहेत. थोरली बरीच वर्षे डबा नेत असे, धाकटा पहिलीपासून शाळेच्या पंगतीत जेवतो. सकाळी डबे भरण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे माझे मत अगदीच तटस्थ आहे, असा दावा मात्र मी करणार नाही.

डब्याची बाजू तशी भक्कम आहे. तेल किती पडले, कणकेत नाचणी किती मिसळली, हे आपल्या हातात राहते आणि तापातून उठलेल्या मुलाला मऊ भातही देता येतो. शाळेच्या जेवणात आठवड्यातून एकदा शिरा ठरलेला, आणि बटाटा तर बहुतेक भाज्यांत सोबतीला असतोच. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी ४५० आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० किलोकॅलरी असे प्रमाण ठरवून दिलेले आहे. विनाअनुदानित खासगी शाळा त्या योजनेत येत नाहीत, त्यामुळे तिथे ताटात काय पडावे हे पुष्कळसे शाळेच्या मर्जीवर असते. एवढाच हिशेब मांडला, तर डबा सरस ठरतो.

मला जे खटकले, ते या हिशेबात येत नाही. डबा आपण भरतो, पण तो कोणी खायचा हे वर्गात ठरते. संध्याकाळी थोरलीचा डबा घासायला घेतला की मेथीची भाजी आणि भाकरी जशीच्या तशी परत आलेली असे, आणि झाकणाच्या खाचेत टोमॅटो सॉस आणि क्रीमच्या बिस्किटांचा चुरा अडकलेला असे. यात मैत्रिणींचा दोष नाही. मोठ्या सुट्टीत डबे एकमेकींत फिरणारच, आणि सगळ्या जणी फ्रँकी खात असताना एकीने मुकाट्याने भाकरी चावत बसावे ही अपेक्षाच मला जरा अवाजवी वाटते. खरा त्रास पुढे सुरू होई. दुपारचे जेवण अर्धवट झाल्यामुळे पाच वाजता तिला इतकी भूक लागलेली असे की वेफर्सचे पाकीट फोडल्याशिवाय चैन पडत नसे; मग रात्रीचे जेवण साडेनऊपर्यंत लांबे, सकाळी भूक नसल्यामुळे न्याहारी टळे, आणि या सगळ्यावर ‘डबा का नाही संपवला’ ही रोजची कुरबुर. एका न खाल्लेल्या भाकरीपायी घरातली सगळी संध्याकाळ नासावी, हे मला सोसेना.

सरकारी उपाय या ठिकाणी तोकडे पडतात. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश काढला, केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० च्या नियमांत शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत अशा पदार्थांच्या विक्रीला मनाई केली, आणि २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावायला सांगितले. हे सगळे हवेच. परंतु यातले काहीही शेजारच्या बाकावरच्या डब्यापर्यंत पोहोचत नाही.

पंगतीत सगळ्यांच्या ताटात एकच भाजी असते, त्यामुळे अदलाबदलीचा प्रश्नच उरत नाही. घरी दुधीकडे ढुंकूनही न पाहणारा धाकटा तिथे तो निमूट खातो, घरी आल्यावर मूठभर फुटाणे तोंडात टाकून मैदानावर पळतो आणि आठच्या सुमारास आमच्याबरोबर जेवायला बसतो. पुढे थोरलीलाही आम्ही त्याच शाळेत घातले.

यामुळे वजन आटोक्यात राहतेच, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ब्रिटनमधल्या वेस्ट मिडलंड्स भागात शाळा आणि कुटुंबे अशा दोघांनाही हाताशी धरून जादा व्यायाम आणि पाककृतींच्या कार्यशाळा राबवल्या गेल्या. त्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मुलांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक आढळला नव्हता. त्यामुळे अधूनमधून डॉक्टरांकडून उंची-वजनाची नोंद भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या आलेखावर करून घ्यावी, हे बरे. नजरेचा अंदाज आजीचा वेगळा आणि आपला वेगळा असतो.

ज्या शाळेत ताट संपवल्याशिवाय उठू देत नाहीत, तिथे मात्र मी खुशाल डबाच पाठवीन, कारण पोट भरल्यावरही खात राहण्याची सवय त्या सक्तीतून लागू शकते. म्हणून शाळा पाहायला जायचे असेल, तर प्रवेशाच्या खिडकीपाशी न थांबता जेवणाच्या वेळी जावे, आणि वाढपी दुसऱ्या फेरीला भाजी-आमटी घेऊन येतो की नुसता भात, एवढे नीट पाहून घ्यावे.