हाय अँड लो: डिस्क घ्यावी का?

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा हा १९६३ चा अपहरणपट मोबाइलवर बघू नका, एवढं आधीच सांगते. चौकट चांगली रुंद आहे. सुरुवातीचा बराच वेळ गोंडो या बूट कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यातच जातो. पोलीस, बायको, सेक्रेटरी सगळे एकाच वेळी समोर, आणि कडेला मान खाली घालून उभा ड्रायव्हर. पळवलेलं पोरगं त्याचं. गुन्हेगाराची गफलत झाली, पण ३ कोटी येन मागतोय मालकाकडेच! छोट्या पडद्यावर तो ड्रायव्हर हरवून जातो, आणि खरी मेख तर तिथेच आहे.

क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची ब्ल्यू-रे डिस्क झकास. चित्र उगाच गुळगुळीत केलेलं नाही, फिल्मचा दाणा शाबूत आहे. उकाड्याने भिजलेले शर्ट, गर्दुल्ल्यांच्या गल्लीतले काळोखातले चेहरे नीट दिसतात. कृष्णधवल चित्रात एकदाच गुलाबी धूर निघतो, तिथे मी रिमोट दाबून मागे गेले.

आमच्या घरात मात्र दोन तट पडले. नवऱ्याच्या मते धावत्या रेल्वेगाडीतून पैशांच्या बॅगा टाकल्यावर सिनेमा रेंगाळतो. मला तपासच जास्त आवडला. फोनवरच्या नुसत्या खडखडाटावरून रेल्वेचा माणूस ट्राम ओळखतो, काय प्रसंग आहे तो!

ब्ल्यू-रे डिस्क ठरावीक विभागाच्या प्लेअरवरच चालतात. ही अमेरिकेची, म्हणजे विभाग ए, भारताचा सी. प्लेअर सगळे विभाग चालवणारा असेल तरच मागवा. सबटायटल्स इंग्रजीतच आहेत.